बंगई आणि पंधराशे बाइट

आमच्या साडूंइतका मोजूनमापून जगणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि पुलगावपासून सेवाग्रामपर्यंत शोधून कुणी सापडलाच, तर साडू आधी त्याची लांबी-रुंदी घेतील आणि मगच त्याला घरात घेतील. हे मी आज छातीठोकपणे सांगतो. पण त्यांच्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं हा गृहस्थ टपाल खात्यात आहे, अशीच माझी समजूत होती. पहिल्या दिवाळीला मी विचारलं होतं, काम काय करता. ते म्हणाले, "भाऊजी, पाकीट निघालं की त्याच्यावर पत्ता टाका लागते. मंग ते केवढं हाय पाहा लागते. रस्ता सोसते त्याच्याहून मोठं असन, तर परत पाठवा लागते." आता यात माझ्यासारख्या कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्की करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर कुठून दिसावा? मी पुलगावच्या एका लग्नात त्यांना थेट एका निवृत्त पोस्टमास्तरांसमोर नेऊन उभं केलं. म्हटलं, हे तुमच्याच खात्यातले. पोस्टमास्तरांनी आनंदानं विचारलं, कोणत्या शाखेत? साडू गंभीरपणे म्हणाले, "गाभ्यात." पोस्टमास्तर जेवण होईपर्यंत विचार करत बसले, की ही शाखा आपण रिटायर झाल्यावर निघाली की काय.

मग माझ्या बायकोनं, म्हणजे साडूंच्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीनं, मला घरी नेऊन समजावलं. कॉम्प्युटर चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, तिच्या अगदी आतल्या गाभ्यातला कोड साडू लिहितात. आपण मोबाइलवरून फोटो पाठवला की त्याची लहान लहान पाकिटं होऊन ती निघतात. प्रत्येक रस्त्याची एक मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी पंधराशे बाइटची. त्याहून मोठं पाकीट आलं तर दोनच गोष्टी करता येतात. त्याचे तुकडे करायचे, नाहीतर त्याच्यावर 'तोडू नये' अशी खूण असेल तर पाठवणाऱ्याला कळवायचं, की बाबा रे, हे मोठं आहे, एवढ्या मापाचं करून आण. हे तपासणारा पहारेकरी म्हणजे आमचे साडू. वर्ध्यात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, बनियनवर बसून ते जगभरच्या पाकिटांचं माप घेतात.

बरं, हे टेबलावरून उठल्यावर संपावं ना. त्यांच्या खिशात कायम स्टीलचा टेप असतो. माझ्या पुतण्याच्या वरातीत त्यांनी घोडं, घोड्यावरचा नवरदेव आणि नवरदेवाच्या फेट्याचा तुरा अशी बेरीज करून मांडवाच्या कमानीपाशी वरात थांबवली. "चार बोटं जास्त हाय," म्हणाले. बँडवाल्यांनी वाजवणं बंद केलं. नवरदेवानं मान खाली घालून कमान ओलांडली, आणि व्हिडिओत तो सासरी जाताना आधीच लाजल्यासारखा दिसतो. जेवायला बसले की ताटात आलेली सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, ते आधी डोळ्यांनी तोलतात, मधोमध तोडतात, आणि पहिला अर्धा पोचल्याची खात्री झाल्यावरच दुसऱ्याला हात लावतात. मोबाइलवर लांब निरोप कधी धाडत नाहीत. 'भाग १/३ : मी बाजारात आहे.' आपण 'मिळाला' असं कळवल्याशिवाय भाग दोन येत नाही. एकदा मी उत्तर द्यायला विसरलो, तर हा माणूस तासभर भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगाशेजारी उभा. भाग दोनमध्ये "वांगी आणू का?" एवढंच होतं.

पण त्यांची एक गोष्ट मला मनातून आवडायची. ते कुणाला गुपचूप टाळत नसत. त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप तेच आहे म्हणे, पाकीट न कळवता टाकून देणं. पाठवणारा बिचारा वाट बघत राहतो. आमच्या एका नातेवाइकानं तीन दिवसांच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तर बाकी सगळे 'बघू, येऊ' म्हणाले. साडूंनी त्याच वेळी सांगितलं, "तीन दिवस आमाले मोठे होतात. दीड दिवसाचं जमते." नातेवाईक रागावला, पण साडूंची दीड दिवसाची ताटं मात्र बरोबर धरली गेली.

असा हा माणूस, आणि त्याच्यासमोर आली आमच्या सासऱ्यांची बंगई.

सासरे, आम्ही दोघंही त्यांना मामाजी म्हणतो, आंजीला गावच्या घरी एकटेच राहत होते. सासूबाई गेल्यापासून ते खाटेवर झोपत नाहीत, बंगईवर झोपतात. ज्याला बाकीचा महाराष्ट्र झोपाळा म्हणतो, ती आमची बंगई. मामाजींची म्हणजे सागवानाची एकसंध लांबलचक फळी, दोन्ही टोकांना लोखंडी कड्या ठोकलेल्या. यंदा मामाजी न्हाणीघरात पडले आणि सकाळी दूध घालणारी बाई येईपर्यंत तिथंच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण दोन्ही मुलींची झोप उडाली. त्यांना वर्ध्याला आणायचं ठरलं. आमच्याकडे मी कॉलेजात, बायको शाळेत, दिवसभर घराला कुलूप. साडू मात्र घरी बसून काम करतात. तेव्हा त्यांच्याचकडे बरं, असं मीच सगळ्यांत आधी आणि फार समजूतदारपणे सुचवलं.

मामाजींची एकच अट होती. "बंगई येईन तर मी येईन. अन् तिले आरी लावाची नाई, खिळा काढाचा नाई. आख्खी आली पायजे."

साडूंचे डोळे चमकले. म्हणाले, "भाऊजी, हे तर 'तोडू नये' खुणेचं पाकीट हाय."

पुढचे तीन रविवार त्यांनी मोजण्यात घालवले. आंजीला जाऊन फळी मोजली. आपल्या बिल्डिंगचा जिना मोजला, जिन्याचं वळण मोजलं, कठडा मोजला, वळणावर राहणाऱ्या बाईंची चपलांची मांडणीही मोजली. वहीत आकृत्या काढल्या. आणि चौथ्या रविवारी सगळ्यांना बसवून जाहीर केलं, की बंगई वळणावर अडते. साडेतीन इंचानं.

"मंग बाबांना काय सांगू?" साडूंच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, विचारलं.

"जे हाय ते सांगा लागते. साडेतीन इंच लहान करून आणा म्हणा."

"माझा बाप हाय तो. तुमच्या कॉम्प्युटरचं पाकीट नाई."

"म्हणूनच कळवून राह्यलो ना. गुपचूप टाकून देल्लं काय मी?"

मेहुणी रडली. मामाजींना फोन गेला. ते म्हणाले, "ठीक हाय. मी इथंच बरा हाय बावा," आणि फोन ठेवला. माझी बायको माझ्याकडे एकदा बघून चपला घालायला उठली. साडू परत टेबलाशी जाऊन बसले, कारण त्यांचं तिकडेही असंच अडलं होतं. त्यांनी गाभ्यासाठी एक नवी तपासणी लिहून पाठवली होती. लिफाफ्यात लिफाफा घातला की बाहेरच्या लिफाफ्याचे बाइटही धरायला हवेत, तर ते धरणारी. असा कोड जगभरची माणसं वाचतात, आणि पटला तरच आत घेतात.

दोन आठवड्यांनी कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईंचं उत्तर आलं. एकच ओळ. 'तुमचा पहारेकरी नेमक्या मापाची पाकिटंसुद्धा परत पाठवतोय. बाहेरच्या लिफाफ्याचं माप खालच्या कोडनं आधीच धरलंय, तुम्ही ते दुसऱ्यांदा धरलंत.'

मी रविवारची दुपारची वामकुक्षी घेत होतो. दारात साडू. अंगात शर्ट उलटा, हातात बंगईची वही. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "भाऊजी, मी कड्या दोनदा धरल्या."

"कसल्या कड्या?"

"आंजीले फळी मोजली तवा कड्यांसकट मोजली. अन् वहीत खाली लिहून ठेवलं, कड्यांचे चार इंच वेगळे. दोनदा झाले ना. म्हाताऱ्याले मी फुकटच्या चार इंचापायी परत पाठवून राह्यलो होतो." त्यांनी वहीतला आकडा माझ्यासमोर खोडला. "जाते ते. अर्धा इंच उरून जाते."

लगेच आंजीला फोन लावला. मामाजी म्हणाले, "पक्कं मोजलं काय?" साडू म्हणाले, "मोजलं होतं पक्कंच. बेरीज चुकली. माफ करजा."

बंगई मालवाहू टेम्पोतून आली. मामाजी ड्रायव्हरशेजारी न बसता मागं तिच्याच शेजारी बसून आले. चार माणसांनी ती उचलली. मला उचलायला कुणी सांगितलं नाही, कारण मी कमरेला हात लावून उभा होतो. वळणावर फळी उभी-आडवी करत, कठड्याला घासत, सरकू लागली. साडू वरच्या पायरीवर टेप हातात धरून उभे. टेप उघडलाच नाही त्यांनी. नुसतं म्हणत होते, "येऊ द्या. येऊ द्या." भिंतीचा थोडा रंग निघाला आणि बंगई वर गेली. चपलावाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

मामाजी खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मला म्हणाले, "लय मोजते बावा तुमचा साडू. पण चुकलं तं चुकलं म्हणते."

आता साडूंच्या बैठकीत टेबलाला जागा नाही. ते बंगईच्या एका टोकाला लॅपटॉप घेऊन बसतात, दुसऱ्या टोकाला मामाजी पाय टेकवून हलका झोका देत राहतात, आणि जगभरची पाकिटं आमच्या वर्ध्यात त्या झोक्यावर तपासली जातात. दुरुस्त केलेला कोड आत घेतला गेला, असं परवा कळलं. साडूंनी ते भाग १/२ मध्ये कळवलं. मी 'मिळाला' असं ताबडतोब लिहिलं, तर भाग दोन आला : 'मामाजींना कालपासून चांगली झोप लागते.'

त्या दिवशी बंगई टांगून झाल्यावर आम्ही स्कूटरवर घरी परतलो. मी खुशीत होतो. कुलूप काढता काढता म्हटलं, किती छान जमलं ना सगळं, किती धडपड केली माणसानं. बायकोनं दाराच्या चौकटीला हात लावला.

"आपलं दार मीनं पयल्याच दिवशी मोजलं होतं," ती म्हणाली. "वितीनं. बंगई आख्खी जात होती. तुमी इचारान म्हणून वाट पायली."