यादीतल्या पाचही जणांसाठी

आमच्या ह्यांच्याशी भांडून आजवर कुणी जिंकलेलं नाही, कारण हे भांडतच नाहीत. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात आणि जे करायचं तेच करतात. नोकरी वीज कंपनीत, मीटर वाचायची. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली बॅटरी धरून वाकले, पण दिसेल तोच आकडा लिहिला. कुणी चहा पाजला म्हणून एक युनिट कमी नाही, कुणी कुत्रं अंगावर सोडलं म्हणून एक जास्त नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या दुकानालासुद्धा सवलत नाही. हा माणूस सरळ आहे की नुसताच ठोंब्या, हे लग्नाला तीस वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही.

चर्चमध्ये मध्यस्थीची प्रार्थना अठरा वर्षं यांच्याकडेच. म्हणजे उपदेश झाला की पुढे जायचं आणि आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेले, सत्तेवर बसलेले अशा सगळ्यांसाठी मंडळीच्या वतीने देवाकडे मागायचं. तिथेही तोच नेमकेपणा. एखाद्या म्हातारीचा गुडघा दुखत असला तर डावा की उजवा तेही सांगणार. न सांगितलं तर देव भलताच गुडघा बरा करून बसेल की काय!

तर यंदा वॉर्डाच्या निवडणुकीला माझा धाकटा भाऊ उभा राहिला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि ही त्याची तिसरी खेप. दोनदा पडला होता. "ताई, आता पडलो तर पुन्हा नाव काढणार नाही," म्हणाला. समोर होता ठेकेदार. चर्चपुढचा रस्ता उकरून दोन वर्षं तसाच ठेवणारा, तोच. बाकीचे तिघे नावापुरते.

पाळकसाहेबांनी यांना बाजूला घेतलं. "प्रार्थनेत आपल्या माणसाचं नाव येऊ द्या. प्रचार नको हं, नुसतं नाव."

"येईल की," हे म्हणाले.

आलं. चौथ्या नंबरावर. मतपत्रिकेवरच्या क्रमाने यांनी पाचही उमेदवारांसाठी प्रार्थना केली, आणि पहिलं नाव ठेकेदाराचं! "प्रभू, त्यांना आरोग्य दे, खरं बोलायची बुद्धी दे, त्यांच्या घरच्यांना सांभाळ." पाचही जणांना तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. अर्ध्या मंडळीने डोळे उघडले. मी तर मिटलेच नव्हते.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "अहो, देवाला उमेदवारांची यादी पाठ नाही का?"

"त्याला आहे. आपल्याला व्हावी म्हणून म्हणतो."

संध्याकाळी भाऊ तणतणत आला. "भाऊजी, तुमच्यापेक्षा परका बरा!"

"मत तुलाच देणार," हे म्हणाले. "मत माझं आहे. प्रार्थना मंडळीची आहे, आणि मंडळीत दुसऱ्यांना मत देणारेही बसतात."

भाऊ चहाला न थांबता निघून गेला.

ही गोष्ट ठेकेदाराच्या कानावर गेली. पुढच्या रविवारी पांढरेशुभ्र कपडे घालून स्वारी पहिल्या बाकावर हजर. स्वतःचं नाव येताच असं काही "आमेन" ठोकलं की गाणारी पोरं दचकली. तिसऱ्या रविवारी उरलेले तिघेही आले. त्यातल्या एकाने तक्रार केली, माझं नाव शेवटी का, तोवर लोक पेंगतात. पाळकसाहेबांनी जादा खुर्च्या मांडल्या आणि मंडळीने राजकारणापासून दूर राहावं असा सुंदर उपदेश केला. आणि आमच्याच बायका कुजबुजायला लागल्या, "ठेकेदार वाटतो तेवढा वाईट नाही हो. प्रार्थनेला कसा मान खाली घालून बसतो!"

पाच आठवडे मी धुसफुसत होते. शेवटी विचारलं, "माझ्या भावाचं तुमच्या जिवाला काहीच कसं वाटत नाही?"

हे चक्क हसले. "वेडी आहेस का? मी रोज साठ-सत्तर घरांत जातो. लोक बोलतात माझ्याशी. तुझा भाऊ आरामात निवडून येतोय."

भाऊ अकरा मतांनी पडला.

त्या रविवारी तो शेवटच्या बाकावर येऊन बसला. पहिला बाक रिकामा. निवडून आल्यावर ठेकेदाराला कशाला लागतंय आमेन! हे पुढे गेले. आजाऱ्यांसाठी मागून झालं, परीक्षेच्या पोरांसाठी झालं. "आणि आमच्या वॉर्डाचे नवे नगरसेवक..." म्हणाले आणि थांबले. नाव येईना. हातातला कागद जवळ धरला, लांब धरला. घसा खाकरला. डोळे मिटून बसलेल्या लोकांनी एकेक करून डोळे उघडले. अठरा वर्षांत हा माणूस कधी अडखळला नव्हता. मला राग आला, मग गलबलून आलं, मग पुन्हा राग आला. आत्ता अडकताय होय? आधीचे पाच आठवडे अडकायला काय झालं होतं?

मीच उभी राहिले. ठेकेदाराचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. "प्रभू, त्याला आरोग्य दे," दात आवळून म्हटलं. "खरं बोलायची बुद्धी दे, जरा जास्तच दे. त्याच्या घरच्यांना सांभाळ." मागच्या बाकावरून भावाचं "आमेन" आलं. चिडकं होतं, पण आलं.

परतताना हे म्हणाले, "तू रागात प्रार्थना केलीस."

"केली. तुम्ही पाच आठवडे शांतपणे केलीत, कारण माझा भाऊच येणार अशी तुमची खात्री होती. जिंकणाऱ्याला मन मोठं करायला काय जातं?"

चार पावलं चालून हे हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच म्हण."

"मुळीच नाही. तुम्हीच म्हणायची, त्याचं नाव घेऊन. भाऊ येणार आहे ऐकायला."