उंचसाहेबांचे खांब

आमचे साहेब कुठलाही ग्राफ संगणकासमोर बसून बघत नसत. मी त्याचा पडदा खिडकीकडे वळवायची आणि ते रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या गाड्यापाशी जायचे. तिथून, हातात कप धरून, डोळे बारीक करून ते माझं आठवडाभराचं काम तपासायचे. "इथनं दिसलं पायजे" हा त्यांचा एकमेव निकष. आकडे कशाचे आहेत, बरोबर आहेत का, असल्या फालतू गोष्टींत त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. ग्राफचा खांब उंच दिसला की पलीकडूनच अंगठा वर. स्वतः मात्र इतके ठेंगणे, की काउंटरमागे उभे असले तरी आलेलं गिऱ्हाईक "साहेब हायत का?" म्हणून विचारायचं. म्हणून आम्ही त्यांच्या मागे त्यांना उंचसाहेब म्हणायचो.

माधवनगरात बंद पडलेल्या यंत्रमागाच्या एका शेडमध्ये त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मी इंजिनिअर होऊन तिथे नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी मोठं शिकायला मिळेल. शिकायला मिळालं ते हे, की लोकांना वेबसाइट उघडायचा कंटाळा येतो, पण मोबाइलवर आलेलं चित्र सगळे बघतात. "माणूस वाचत न्हाई, पोरी. माणूस बगतो," असं ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे, जणू हा शोध त्यांनीच लावला होता. मग मी सर्व्हरवर एक कोड लिहिला. गिऱ्हाइकानं आकडे भरले की तो कोड प्रत्येक आकड्याचा खांब काढायचा, रंग भरायचा, सगळ्याचं एक चित्र करायचा आणि ते संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाच्या ग्रुपवर जायचं.

पहिल्या चाचणीत सगळे खांब वरून खाली लोंबले. संगणक चित्राची मापं वरच्या कडेपासून घेतो, आणि उंची उलटी करायची माझ्याकडून राहिली होती. साहेब चहाच्या गाड्यावरून धावत आले आणि म्हणाले, "ही काय वटवाघळं टांगलीस?" एवढं बोलून थांबतील तर ते साहेब कसले. पुढचे कित्येक दिवस येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ती हकिकत सांगितली, आणि त्यात ती दुरुस्त करणारा माणूस ते स्वतः होते.

त्यांच्या स्वतःच्या दुरुस्त्या मात्र अफाट होत्या. एका दूध संस्थेचं संकलन वर्षभर जवळजवळ सारखंच होतं, त्यामुळे खांबही सारखे आले. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी मला खालचा भाग कापायला लावला, म्हणजे उंची शून्यापासून न मोजता बरीच वरून मोजायची. तसं केलं की मूठभर फरकसुद्धा डोंगराएवढा दिसतो. तरी मधले काही खांब बुटके राहिले, तेव्हा त्यांनी महिने उंचीप्रमाणे लावायला सांगितलं. मार्चच्या शेजारी नोव्हेंबर, त्याच्या शेजारी जून. संस्थेच्या सभेत या चढत्या जिन्याला टाळ्या पडल्या आणि महिने कोणी वाचलेच नाहीत. साहेब माझ्याकडे असं बघत होते, जणू माझं सगळं शिक्षण त्यांनी एका दुपारी निकालात काढलं.

आणि चुकून कोणी काही विचारलंच, तर "सर्व्हरचा प्रॉब्लेम हाय" हे उत्तर तयार असायचं. गिऱ्हाइकापुढे चूक कबूल करायची नाही, हा त्यांचा नियम. सर्व्हर बिचारा बोलत नसल्यामुळे साहेबांची सगळी पापं त्याच्या खात्यावर जमा होती.

अशात पाटणकडच्या एका भरती ॲकॅडमीचं काम आलं. एक निवृत्त सुभेदार तिथे मुलींना पोलीस भरतीसाठी तयार करायचे. रोज आठशे मीटर पळवायचं, वेळ लिहायची, आणि संध्याकाळी प्रत्येकीचा खांब असलेलं चित्र पालकांच्या ग्रुपवर टाकायचं, अशी त्यांची मागणी होती. मी साहेबांना सांगितलं की पळण्यात कमी वेळ चांगली, म्हणजे जी सगळ्यात जोरात पळते तिचाच खांब बुटका येईल. साहेब हसले. "बारकं ते चांगलं, असं जगात कुठं असतंय का?" आणि नेहमीप्रमाणे खालचा भाग कापायला लावला, सगळ्यात उंच खांब हिरवा, सगळ्यात बुटका लाल. चहाच्या गाड्यावरून अंगठा वर झाला आणि चित्रं जायला लागली.

आठवड्याभरात सुभेदारांचा फोन आला. त्यांची सगळ्यात चपळ मुलगी, रूपाली, घरी परत गेली होती. तिचे वडील पाटणच्या पुढे वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवायचे. रोज संध्याकाळी पोरीचा लाल, जमिनीला चिकटलेला खांब त्यांच्या फोनवर यायचा, आणि फोन गाडीत समोरच ठेवलेला असल्यामुळे त्यांच्या आधी तो जीपमधल्या माणसांनी पाहिलेला असायचा. एका दुपारी ते ॲकॅडमीत गेले आणि पोरीला जीपमध्ये घालून घेऊन आले. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. पोरीचं सांगणं ते ऐकत नव्हते, आणि सुभेदारांनाही त्यांनी सुनावलं की फी बुडेल म्हणून तुम्ही तिची बाजू घेता.

मला वाटलं, आता साहेब सर्व्हरला पुढे करणार. पण त्यांनी गाडीची किल्ली घेतली आणि मला लॅपटॉप घ्यायला सांगितला. कराड मागे पडेपर्यंत साहेब नुसता रस्ता बघत गाडी हाकत होते. मग एकदम म्हणाले, "वेळ नको काढू. मिनिटाला किती मीटर पळाली, ते काढ. म्हंजी जी फुडं तिचा खांब वर." मला रागच आला. इतकी साधी गोष्ट मला सुचायला हवी होती, आणि सुचली होती ती या माणसाला, तीसुद्धा उंच खांबाच्या हव्यासातून.

रूपालीच्या घरी तिचे वडील अंगणात जीप धूत होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पण पाण्याचा पाइप खाली ठेवला नाही. साहेब बसलेच नाहीत. म्हणाले, "पावणं, चूक माजी हाय. ह्या पोरीनं मला सांगितलं हुतं, मी ऐकलं न्हाई. तुमची रूपाली शेवटची न्हाई, पैली हाय." मी लॅपटॉपवरून मान वर केली. त्यांच्या तोंडी 'चूक माजी' हे शब्द मी कधी ऐकले नव्हते.

वडिलांनी पाइप बंद केला. "काल एक चित्र, आज दुसरं. आमी कुठलं खरं मानायचं?"

जुना खांब वेळेचा होता, म्हणून जोरात पळणारीचाच बुटका आला, हे मी त्यांना समजावलं, पण नवं चित्र दाखवल्याशिवाय ते पटणार नव्हतं. जीपच्या टपावर मोबाइल ठेवला तेव्हा कुठे नेट आलं. मी कोड बदलत होते. खालचा भाग कापून रूपालीचा खांब आभाळाला टेकवायचा, हेच साहेबांना हवं असणार, म्हणून मी तसंच लिहायला घेतलं. साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले. पहिल्यांदाच ते इतक्या जवळून बघत होते.

"कापू नगं," ते हळू आवाजात म्हणाले. "शून्यापासनं काढ."

मी म्हणाले, "साहेब, मग फरक दिसणारच नाही."

"न्हाई दिसला तर न्हाई. हिचा उंच केला की दुसऱ्या कुणाचातरी बुटका हुतोय. त्या पोरीचा बा बी ह्याच ग्रुपात हाय."

मी मुकाट्याने शून्य लिहिलं. चित्र आलं. साऱ्या मुलींचे खांब जवळजवळ सारखे, आणि रूपालीचा बाकीच्यांपेक्षा किंचित वर. वडिलांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "ह्यो तर नखाएवढा फरक हाय," ते म्हणाले. रूपाली इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, भरतीत तेवढ्यावरच निकाल लागतो."

वडिलांनी चित्र बोटांनी मोठं करून पुन्हा पाहिलं. मग त्यांनी पाहुण्यांना फोन लावला आणि रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. संध्याकाळी तेच चित्र ग्रुपवर गेलं, सोबत साहेबांचा रेकॉर्ड केलेला आवाज, चूक माझी म्हणून. परतताना मला वाटलं, माणूस बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका पतसंस्थेच्या ठेवींचा ग्राफ खालून कापायला लावला आणि कप घेऊन रस्ता ओलांडला.

रूपाली पुढच्या भरतीत निवडली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पुण्यात नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी साहेबांनी मला शेडच्या दारापाशी थांबवलं. ॲकॅडमीच्या कोडला पासवर्ड घाल आणि तो तुझ्यापाशीच ठेव, म्हणाले. "ते शून्य मला बी बदलता येऊ नये असं कर, पोरी. गिऱ्हाईक म्हणलं की मी बदलीन. मला म्हाईत हाय माजं."

आणि खरंच, दर भरतीच्या हंगामात त्यांचा फोन यायचा. पालक कुरकुर करतात, खांब सगळे सारखेच दिसतात, जरा खालून कापता येईल का? मी नाही म्हणायचे. पलीकडून सुटका झालेल्या माणसासारखा त्यांचा आवाज यायचा, "बरं हाय मग." एवढ्या लबाड माणसाचा मला इतका लळा का लागला होता, ते मला त्या फोनमुळे कळायचं.

साहेब गेले, शेडला कुलूप लागलं. ॲकॅडमीचा सर्व्हर आता मी सांभाळते, आणि रोज संध्याकाळी चित्र जातं. यंदाचाही हंगाम आला. ते शून्य अजून जागेवर आहे. ते काढ म्हणून सांगणारं आता कोणी नाही, आणि "नाही" म्हणता यावं म्हणून मी फोनकडे बघत बसते.