उगाळलेलं शिंग

वुओंगच्या यकृतातली गाठ पसरली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ कीएम कुठूनसा गेंड्याच्या शिंगाचा तुकडा घेऊन आला. थोआ, वुओंगची बायको, हायफोंग शहरात खेकड्याच्या शेवयांची गाडी लावायची. गाडीवर जायच्या आधी ती तो तुकडा खरबरीत बशीत पाणी घालून उगाळायची. वुओंग ते पांढुरकं पाणी मुकाट प्यायचा. पावसाळ्याआधी तो गेला. थोआला रडू आलं नाही. तिने गाडी पुन्हा लावली.

पुढे हान नावाची मुलगी आली. लोक शिंग का घेतात, याचा तिची गेंडे वाचवणारी संस्था अभ्यास करत होती.

"मावशी, गुण येईल असं वाटलं होतं?"

"छे गं. नखासारखंच असतं ते. तुमच्या फलकावर वाचलंय मी."

"मग का दिलंत?"

"दिरांनी आणलं होतं. नको म्हटलं असतं तर बायकोच नवऱ्याच्या जिवावर उठली, असं झालं असतं."

बरेच जण हेच सांगतात, हान म्हणाली. नुसते फलक लावून भागत नाही, म्हणून आता मोहल्ल्याच्या बैठकीत, ज्यांनी शिंग दिलं त्या घरचीच माणसं बोलणार होती. थोआ गेली आणि सपाट आवाजात बोलली, "आजाऱ्यापाशी जाऊन बसा. शिंग नेऊ नका."

मग कीएमचंही यकृत बिघडलं, पोट फुगलं. त्याची बायको येन गाडीवर आली.

"जाऊबाई, उरलेला तुकडा द्या."

"वनखात्याला देऊन टाकला."

"वा! तुमच्या माणसासाठी हे धावले. आमच्या वेळेला तुम्ही भाषणं द्या!"

थोआने शेवया उकळत्या पाण्यात सोडल्या.

मात्र रोज दुपारी ती कीएमचे पाय चेपायला जाऊ लागली. येन दार उघडून आत निघून जायची.

"वहिनी," कीएमने एकदा विचारलं, "दादाला खरंच उतार पडायचा का त्याने?"

"नाही."

"वाटलंच मला. येनने कुठूनतरी शिंग मिळवलंय. पितो मी. तेवढंच तिला बरं वाटेल."

स्वयंपाकघरातून उगाळल्याचा आवाज येऊ लागला. थोआचे हात चालतच होते.

कीएम गेला. "आम्ही काहीच बाकी ठेवलं नाही," येन पाहुण्यांना मोठ्याने सांगत होती. थोआने उदबत्ती लावली. राग यायला हवा होता, आला नाही.

हानने पुन्हा बैठकीत बोलावलं. या वेळी थोआने कीएमचंही सांगितलं: गुण येत नाही हे ठाऊक असून तो बायकोसाठी प्यायचा. पुढे बसलेली एक बाई मध्येच उठून निघून गेली. थोआ बोलत राहिली.