सख्ख्या नव्हे, मावसबहिणी

आमच्या डबिंग स्टुडिओच्या मालकाने तो सिनेमा न बघताच विकत घेतला होता. मारामारीच्या परदेशी सिनेमांचा एक गठ्ठा स्वस्तात मिळाला, त्यात हाही आला. पोस्टरवर दोन बायका, एक आइस्क्रीमची गाडी आणि मागे पोलीस. "धमाल दिसतेय, करून टाका आपल्या भाषेत," मालक म्हणाला. मग एका दुपारी त्याने तो पाहिला आणि त्याला घाम फुटला. त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. मैत्रिणींचं वगैरे नव्हे, लग्नाच्या जोडप्यात असतं तसलं.

बाकी सिनेमाबद्दल त्याची काडीची तक्रार नव्हती. त्या दोघी सराफाचं दुकान लुटतात, आइस्क्रीमची गाडी पळवतात, एका म्हाताऱ्याचे सोन्याचे दात तो झोपलेला असताना लंपास करतात आणि मुलुखभर पोलिसांची दमछाक करतात. हे सगळं मालकाच्या मते सहकुटुंब बघण्यासारखं होतं. प्रेम तेवढं नको.

"बहिणी करा त्यांना," त्याने फर्मान काढलं. "सख्ख्या नको, चेहरे जुळत नाहीत. मावसबहिणी."

मी ध्वनिमुद्रक, म्हणजे काचेच्या अलीकडे बसून बटणं फिरवणारा. माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून इथे देतो: त्या म्हाताऱ्याचे निदान दातच गेले, सिनेमाची तर बत्तिशीच काढली. चुंबनं कापली. एकीने हॉटेलातल्या वाढपिणीबरोबर नाच केला म्हणून दुसरी जळफळते, तिथे "आईला फोन का नाही केलास?" असं भांडण घुसडलं. जुनी प्रेयसी पिस्तूल घेऊन मागावर येते, तिची धाकटी मावशी झाली. मावशी भाचीवर गोळ्या का झाडते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

थोरल्या बहिणीचा आवाज खारूताईचा. मुलांच्या एका मालिकेत ती वर्षानुवर्षं खारीचा आवाज देत होती, म्हणून हे नाव. ती मालिकाही मालकाचीच, आणि तिची चूलही त्या खारीवरच पेटायची. बाई पन्नाशीची, ठेंगणी. माइकसमोर जाण्याआधी घड्याळ काढून ठेवायची, चपला दाराबाहेर, आणि पोट गुरगुरू नये म्हणून दोन बिस्किटं. खार, शाळकरी पोरं, भुतं, गाडी उशिरा येत असल्याच्या सूचना, सगळं तिच्या गळ्यात होतं. तिचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे मात्र मला सांगता आलं नसतं. चहासुद्धा ती कुणाच्या तरी आवाजात मागायची.

संध्याकाळी तिला न्यायला मास्तरीण यायची. मास्तरीण गाडी चालवायला शिकवते. आडव्या हाडाची, कमी बोलणारी. तिची ती डोक्यावर पाटी लावलेली शिकाऊ गाडी फाटकाजवळ उभी असायची. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तरीण येऊन माझ्या मागच्या सोफ्यावर बसायची आणि काचेतून खारूताईकडे बघत राहायची.

दोघी एका घरात राहायच्या, आणि त्या एकमेकींच्या कोण आहेत हे स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंगही आम्ही सगळेच झकास वठवायचो. घर भाड्याने घेताना घरमालकिणीने विचारलं होतं, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" मास्तरीण तोंड उघडणार, तेवढ्यात खारूताई मधाळ आवाजात म्हणाली, "मावसबहिणी." तेव्हापासून वाणी, दातांचा डॉक्टर, शेजारपाजार, सगळीकडे तेच. हे मला खारूताईनेच हसत हसत सांगितलं होतं. मास्तरीण त्या वेळी हसली नव्हती.

तिच्या पायाची एक खोड होती. मध्येच उजवा पाय फरशीवर दाबायची, जणू समोर कुणी आडवं आलंय. धंद्याची सवय असेल, असं मला वाटायचं. या सिनेमाच्या वेळी लक्षात आलं की काचेपलीकडे "बहीण" हा शब्द आला रे आला, की पाय खाली जातो. आणि या सिनेमात तो शब्द मिनिटाला येत होता.

शेवटच्या दिवशी मालक जातीने हजर झाला. प्रसंग असा, की पूल बंद आहे, गाडीतली बर्फाची कांडी वितळतेय, आणि पोलीस अधिकारी कर्ण्यावरून सांगतो, "तू जा, तुला सोडतो. तिच्यासाठी कशाला मरतेस? कोण लागते ती तुझी?" मूळ सिनेमात नायिका म्हणते, "बायको आहे माझी." आमच्या कागदावर होतं, "मावसबहीण आहे माझी."

खारूताईला दुसरा टेक कधी लागत नसे. त्या दिवशी पहिल्या टेकला ती उशिरा बोलली. दुसऱ्याला आवाज फाटला. तिसऱ्याला चक्क खार बोलली, आणि मालक आधी हसला, मग घड्याळाकडे बघायला लागला. मी मागे वळून पाहिलं. मास्तरणीचा पाय फरशीवर दाबलेला होता आणि ती तो उचलतच नव्हती. काचेपलीकडून खारूताईही तिकडेच बघत होती.

"पुन्हा घेऊ," ती म्हणाली.

मी सुरू केलं. अधिकाऱ्याने विचारलं, कोण लागते ती तुझी. आणि मी कधीच न ऐकलेला एक आवाज आला. जरा घोगरा, जाड, कसलाही गोडवा नसलेला. "बायको आहे माझी."

ओठ तंतोतंत जुळले होते.

मालकाने माझ्या अंगावरून झेप घेत बोलायचं बटण दाबलं. "अहो बाई, कागदावर काय लिहिलंय?"

"मावसबहीण."

"मग?"

"इतकी वर्षं बोलले तो शब्द. आता नाही येत तोंडातून."

"खार पण माझीच आहे, विसरू नका," मालक म्हणाला. "उद्या दुसरी आणीन. खारींना काय तोटा?" मग तो मास्तरणीकडे वळला आणि एकदम सौम्य झाला. "तुम्ही तरी समजवा हो तुमच्या बहिणीला."

मी पायाकडे बघितलं. तो केव्हाच फरशीवरून उठला होता, आणि या वेळी खाली गेला नाही.

"बहीण नाही ती माझी," खारूताई त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली. माइक चालूच होता, त्यामुळे ते खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून आलं. "आत्ताच सांगितलं ना कोण आहे."

"आणि चेहरे तरी कुठे जुळतात आमचे?" मास्तरीण उठत म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी खाली मान घालून बटणं पुसायला लागलो.

पुढे तो सिनेमा दुसऱ्या मुलीच्या आवाजात झाला, आणि मावसबहिणी सुखरूप पडद्यावर आल्या. खारीलाही नवा आवाज मिळाला. बिचारी कायम सर्दी झाल्यासारखी बोलते. खारूताईला अजून धड काम नाही, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

पण त्या संध्याकाळी मी खिडकीत जाऊन उभा राहिलो. खारूताईने चपला घातल्या, घड्याळ विसरली. शिकाऊ गाडी ऐन फाटकात गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा धक्का खाऊन बंद. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या बाईच्या हातून. काचेतून दिसत होतं, मास्तरीण दोन्ही हातांनी चाक धरून रडत होती आणि खारूताई तिची पाठ चोळत होती.

मागे मालकाची लांबलचक गाडी अडकली. त्याने हॉर्न वाजवला, मग हॉर्नवरून हात काढलाच नाही. तेव्हा मास्तरणीने डोळे पुसले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रोज शंभर जणांना सुनावते ते त्यालाही सुनावलं.

"शिकाऊ गाडी आहे, दिसत नाही? थांबा की जरा!"

मालक थांबला.