मावशींचं पिंप आणि माझा डेंग्यू

डेंग्यू मला झाला आणि शिक्षा मावशींना झाली. मावशी आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतात, मूळच्या जवळच्याच चिंचणी गावच्या. बोईसरजवळच्या आमच्या सरावलीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं, म्हणून त्यांच्या दाराशी एक निळं पिंप कायम भरलेलं असायचं. माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्याच संध्याकाळी बिल्डिंगने त्या पिंपाला दोषी ठरवलं. दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्यांनी ते सगळ्यांदेखत आडवं केलं.

खरं काय ते एकट्या मला ठाऊक होतं. ताप येण्याच्या आदल्याच दिवशी मी थायलंडहून परतलो होतो. बायकोला सांगितलं होतं, कंपनीत दुरुस्तीसाठी शटडाउन आहे, आठ दिवस प्लांटमध्येच मुक्काम, आत मोबाइल चालत नाही. तारापूरच्या केमिकल कंपनीत वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या बायकोला यात काही वावगं वाटलं नाही. पहिला परदेश आपण दोघांनी मिळून बघायचा, असा शब्द मी तिला लग्नानंतर दिला होता. पण थायलंडला निघालेल्या मित्रांच्या ग्रुपमधला एक जण ऐनवेळी गळला आणि मी विरघळलो.

लॅबमध्ये रक्त घेताना तिथल्या मुलीने विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत बाहेरगावी? परदेशात?"

बायको शेजारीच उभी. "छे! बोईसरच्या बाहेर नाही," मी म्हणालो.

आणि मग मावशी रोज सकाळी पपईच्या पानांचा रस घेऊन वर येऊ लागल्या.

"पी रे बाला. माज्या पिंपानं तुजा घात केला."

"मावशी, तसं काही नाही हो."

"गप पी. तोंड नको वाकडं करू, बायको हसते बग."

तो रस म्हणजे जहर होता. भोग आता, असं स्वतःला बजावत मी शेवटचा थेंबही चाटून घ्यायचो. मावशी खूश होऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट आणायच्या.

मी बरा झालो. पण माझ्या रक्ताचा थोडा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला होता, तो बरा झाला नव्हता. एका सकाळी आरोग्यसेवक कागद घेऊन घरी आला. मावशीही ग्लास घेऊन हजर.

"तुमच्यातल्या विषाणूची जनुकं त्यांनी ताडून पाहिली," तो म्हणाला. "विषाणूचीही भावकी शोधता येते. तुमचा आपल्या भागातल्या कुणाशी जुळत नाही. सगळ्यात जवळचे थायलंडचे निघाले. तिकडे गेला होतात का?"

"छे हो, हे तर प्लांटमध्ये होते," बायको म्हणाली.

"थायलंड?" मावशी ओरडल्या. "माजं पिंप चिंचणीच्या पुडं कदी गेलं नाय!"

मला हसू फुटलं. आवरेना. इतक्या दिवसांचं ओझं हसण्यातूनच सांडलं आणि हसता हसता मी सगळं कबूल केलं: समुद्र, बाजार, हत्तीवरची सैर. डास चावला तेव्हा मी हत्तीवर होतो की बोटीत, एवढंच काय ते सांगता येईना.

बायको तडक आत गेली. मावशींनी ग्लास माझ्यापुढे आदळला. "आदी पी. मग खाली चल. पानी आलंय, सगली नलावर हायत. तितं बोल."

मी प्यायलो, आणि बादल्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो. "मावशींच्या पिंपाचा काही दोष नाही. डास थायलंडचा. तिकडे मी गेलो होतो. चोरून."

मग कुणीतरी विचारलं, "काका, शॉपिंग काय केलंत?" आणि सगळी रांग हसत सुटली. फवारणीवाल्यांना बोलावणारे सेक्रेटरी पुढे आले. "मावशी, चुकलं आमचं."

मावशींनी वरून आणलेला कागद त्यांच्या हाती दिला. "ते ऱ्हाऊ दे. कागद वाच. मोट्यानं."

ते जनुकांच्या नावांवर ठेचकाळत वाचत गेले. 'थायलंड' येताच मावशींनी बोट वर केलं. "हा, तितं परत वाच."

त्यांनी परत वाचलं. मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभ्या, ताठ. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून बायकोचा आवाज आला.

"अहो, पासपोर्ट कुठे ठेवलाय? यापुढे तो माझ्याकडे राहील."

सगळ्या बिल्डिंगच्या साक्षीने मी मुकाट्याने जागा सांगितली.