खिळ्यावर राहिलेली चांदीची डबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईलाही नाही — आणि आईपासून तर माझं काही लपायचं नाही, चिंचा चोरल्या तरी ती चेहऱ्यावरून ओळखायची. तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही. रडू येत नाही, छातीत धडधडत नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग स्वतःच्याच गालाला हात लावला तरी तो आपला वाटत नाही, तसं झालंय. फार वर्षं झाली.

ऑफिसात नवा माणूस आला की साहेब माझी ओळख करून देतात — "ह्या मॅडम नॅशनल खेळल्यात." मग तो विचारतो, कोणता खेळ? मी म्हणते, हॉकी. चाकांवरची. परदेशात मुली बर्फावर खेळतात. आम्ही कोल्हापुरात बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर. म्हणून सिमेंटचं रिंक, पायांत चार-चार चाकांचे स्केट्स आणि हातात काठी. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. गोलकीपरचे पॅड आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी गाद्या शिवणाऱ्याकडून करून घेतले होते आणि पावसाळ्यात त्यांना कुबट वास मारायचा. ते पॅड बांधून गोलात उभ्या राहणाऱ्या आम्ही दोघी होतो. मी आणि शिवलीला.

शिवलीला माझ्यापेक्षा चांगली होती. हे सांगायला मला काही वाटत नाही, ते सगळ्या रिंकला दिसत होतं. चेंडू कुठून येणार हे तिला आधीच कळायचं. मला कळायचं तेव्हा तो जाळीत असायचा.

तिचं घर लिंगायत, गुळाच्या व्यापारातलं. घरात कन्नड आणि शब्द अज्जीचा. नात चड्डी घालून रिंकवर पडते-झडते, हे अज्जीनं कसं चालवून घेतलं कोण जाणे. पण एक अट होती — बाहेरचं खायचं नाही, आणि मटण-अंडं तर नावालाही नाही. आणि आमच्या सरांचा सगळा भर तर खाण्यावरच. "अंडी खावा, रस्सा प्या, न्हायतर गोलात बुजगावणं हुबं करतो मी!" शिवलीला हसायची आणि रविवारी आमच्याकडं यायची.

आमच्याकडं रविवारी मटण. आई पांढरा रस्सा वाटीत ओतून तिच्यापुढं सरकवायची. "पी गं पोरी. एवढी खेळतीस, अंगात रग नको व्हय?" वाटीला हात लावण्याआधी शिवलीला एक गोष्ट कधी चुकवायची नाही. गळ्यातलं इष्टलिंग — चांदीच्या लहानशा डबीत, दोऱ्याला बांधलेलं — काढायची, डोळ्यांना लावायची आणि चुलीपासून लांब, खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवायची. जेवण झालं की चूळ भरून, हात धुऊन परत गळ्यात. हे अंगावरून उतरवायचं नसतं, हे तिनंच मला सांगितलं होतं. आमच्या घरात उतरवायची. एवढा विश्वास होता.

मग सरांनी सांगितलं की चंदीगडला मुलींची ज्युनियर नॅशनल आहे आणि राज्याच्या संघात आपल्याकडून एक गोलकीपर जाणार. शिवलीला. मी राखीव. राखीव म्हणजे घरी बसायचं, हे कुणी बोललं नाही, पण मला काय कळत नव्हतं?

पुढच्याच रविवारी ती आमच्याकडं जेवत असताना निरोप आला — टी-शर्टची मापं घ्यायला सरांनी रिंकवर बोलावलंय, लगेच. ती तशीच उठली, हात धुतले न धुतले आणि पळाली. डबी खिळ्यावर राहिली.

आता इथं मी थांबते. कारण इथवर माझं काहीच चुकलेलं नाही ना? मैत्रिणीची वस्तू राहिली, ती नेऊन द्यायची. रिंक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. धावत गेले असते तर ती दारातच भेटली असती.

मी डबी धुतलेल्या रुमालात घेतली आणि उलट दिशेला चालू लागले. तिच्या घराकडं. ती घरात नसणार, हे मला माहीत होतं.

अज्जी दारातल्या सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. मी रुमाल उघडला. तिनं विचारलं, कुठं मिळालं? मी म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरात राहिलंय. आणि पुढचं तिनं विचारलंही नव्हतं — मीच म्हणाले, "आज आमच्यात मटण होतं न्हवं, म्हणून काढून ठेवलंतं तिनं." तोंड मात्र असं केलं, की अज्जीला वाटावं, आपण काय बोलून गेलो हे या पोरीला समजतही नाही.

अज्जी ओरडली नाही. डबी दोन्ही हातांत घेऊन डोळ्यांना लावली. मग म्हणाली, "बरं केलीस बाळ, आणून दिलीस." आणि मला गुळाचा खडा दिला. मी तो तिथंच उभं राहून खाल्ला.

शिवलीलाचा खेळ त्या दिवशी संपला. पुढं एकदाच आली, हातमोजे परत द्यायला. आमच्याकडं पोरीही 'आलो-गेलो'च म्हणतात, ती तशीच म्हणाली, "तुझं काय चुकलं गं? तू आपलं आणून दिलीस. मीच विसरलो की." आणि माझी समजूत काढली. माझी! आई अज्जीच्या पाया पडायला गेली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. "माझ्या वाटीपायी पोरीचं वाटोळं झालं" — हे आई शेवटच्या आजारपणातही म्हणत होती. मी तिचे पाय चेपत राहिले.

आणि चंदीगडला मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं का? नाही वाटलं. मी खूश होते. थंडी होती, छातीवर महाराष्ट्र लिहिलेला टी-शर्ट होता — तिच्या मापाचा, मला जरा ढगळ. आम्ही तिसऱ्या आलो. माझ्यामुळे नव्हे, पण हरलोही नाही माझ्यामुळे. पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. मी ज्या खुर्चीवर बसते, ती त्या रविवारची आहे.

ऑफिस सुटल्यावर मी रिंकवर लहान मुलींना शिकवते. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एक बाई मुलीचा हात धरून आली. शिवलीला. लग्न होऊन कुरुंदवाडला गेलेली, सुट्टीला माहेरी आली होती. जराशी जाड झाली होती, पण गळ्यात तीच डबी. मला कडकडून भेटली. तिच्याएवढी मोकळी मी कधी कुणाला भेटलेली नाही. अज्जी गेल्याचं सांगितलं. माझ्या आईची चौकशी केली. आई नाही, हे ऐकून डोळे पुसले. मग मुलीला पुढं केलं. "हिला गोलात हुबी कर. माझं ऱ्हायलं ते हिचं हुंदे."

आणि मुलीला म्हणाली, "हीच ती मावशी. आपली वस्तू ऱ्हायलीती, तर सांभाळून घरला आणून दिलेली. माणूस असं पायजे बघ. पाया पड."

खरं सांगायला हीच वेळ होती. आई नव्हती, अज्जी नव्हती, कुणाचं काही मोडणार नव्हतं. मी तोंड उघडलंही. "असू दे गं," एवढंच बाहेर आलं.

मुलगी वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.