कोठडीतली उलटी बोली

त्या दोघा भावांचं बोलणं आजही माझ्या कानात आहे. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. मी भुसावळला नवा फौजदार होतो. मालगाडीतून सुरुंगाची दारू चोरीला गेली. खबऱ्याने ओळख पटवली आणि एरंडोलकडचे दोन भाऊ आम्ही पकडले. माल मात्र मिळाला नाही. वैशाखाचं ऊन, आणि ती दारू कुठेतरी पडलेली.

चौकशीत दोघेही मुके. शेजारच्या कोठड्यांत टाकले की मात्र खुशाल बोलत. ना अहिराणी, ना हिंदी. एक अक्षर कळत नव्हतं. मी हात उगारण्याच्या बेतात होतो, पण आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांनी अडवलं. महायुद्धात त्यांनी शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडले होते.

"नुसतं ऐकून उलगडायला फार काळ लागेल," ते म्हणाले. "अर्थ ठाऊक असलेला एक शब्द शोधा."

तो कोठडीवरच्या पहारेकरी शिपायाच्या कानांनी पकडला. धाकटा 'माती' म्हणायचा आणि थोरला गजांतून पाण्याचा तांब्या सरकवायचा. म्हणजे माती हे पानी, त्यांच्या तोंडचं पाणी! 'प'चा 'म', 'न'चा 'त'. अक्षरांच्या जोड्या आपसात बदललेल्या.

"आता आपल्याला हवे ते शब्द त्यांच्याकडून वदवून घेऊ," साहेब म्हणाले.

त्यांच्या सांगण्यावरून मी धाकट्यासमोर सहज बोललो, की सावदा आणि एरंडोल इथे झडती चालू आहे. कोठडीत परतताच त्याने भावाला घाईने काही सांगितलं. त्यात 'हालगा' आणि 'एकंटोव' स्पष्ट ऐकू आलं. साहेब भिंतीआड उभे होते. 'हालगा' म्हणजे सावदा, 'एकंटोव' म्हणजे एरंडोल; 'स'चा 'ह', 'व'चा 'ल', 'र'चा 'क', 'ड'चा 'ट', अशा आणखी जोड्या हाती आल्या.

थोरल्याने धीर दिला, "मटरी लिसीक."

साहेबांनी डोळे मिटले, ओठ हलले. "पडकी विहीर," ते हळूच म्हणाले. मी शिपायांना घेऊन लगेच निघालो.

भावांच्या गावी पडकी विहीर एकच होती. कोरड्या तळाशी दारूची पोती होती आणि काठावर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग. एक म्हातारी अक्का तिथेच उभी होती.

"बठ्ठा कचरा आमी आठेच जाळतस, भाऊ," ती म्हणाली. सगळा कचरा ते इथेच जाळत, आणि आज ढीग पेटवायला तिचा मुलगा निघालाच होता.

परतल्यावर थोरल्याने विचारलं, कोणी सांगितलं?

"तूच," साहेब म्हणाले.

गुपित किती अवघड आहे यावर नाही, तर ऐकणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे आणि तो तुमच्याकडून काय वदवू शकतो, यावर ते टिकतं. हे मी त्या दिवशी शिकलो. थोरला साहेबांकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, कौतुक होतं. मीही तसाच बघत होतो.